नॅसमधल्या डेटाचा बॅकअप कुठे आणि कसा घ्यायचा? (दोन बे, २.१ टीबी, नागपूर)

मनीषनगरकर:

नमस्कार मंडळी. घरी सिनॉलॉजीचं डीएस२२४+ हे नॅस आहे, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, दोन डिस्क बसणारा साठवणीचा डबा. त्यात ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ डिस्क, एसएचआर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवायची सिनॉलॉजीची पद्धत), फाइल सिस्टीम बीटीआरएफएस. २.१ टीबी भरलंय. त्यात घरचे फोटो-व्हिडिओ ८५० जीबी, बायकोच्या आर्किटेक्टच्या कामाच्या फाइली ४०० जीबी, घराची-शेतीची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि हिशेब ३० जीबी, बाकी ८०० जीबी सिनेमे. २ टीबीची एक पोर्टेबल डिस्क पडून आहे, ती नॅसला मागून कायमची जोडून ठेवावी म्हणतो. नेट १०० एमबीपीएस फायबर. वडिलांचं घर काटोलला आहे, तिथंही ब्रॉडबँड आहे.

दोन्ही डिस्कवर एकच डेटा असताना आणखी बॅकअप खरंच लागतो का? लागत असेल तर ही २ टीबीची डिस्क चालेल का, आणि काटोलचा काही उपयोग करता येईल का?

धंतोली_डिस्क:

लागतो. एसएचआर एकाच संकटातून वाचवते: एक डिस्क मेली तरी डबा चालू राहतो. वहिनींकडून प्रोजेक्टचं फोल्डर चुकून उडालं तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी उडतं. लॅपटॉपमध्ये रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं आणि नॅसचा ड्राइव्ह तिथं मॅप केलेला असेल, तर बिघडलेल्या फाइलीही इमानदारीत दोन्हीकडे लिहिल्या जातात. शिवाय दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या. एक गेली की नवीन टाकून रीबिल्ड (नव्या डिस्कवर पुन्हा प्रत उतरवणं) चालतं तेव्हा उरलेली डिस्क तासन् तास सलग वाचली जाते, आणि तिचे आजवर लपलेले खराब सेक्टर नेमके तेव्हाच बाहेर येतात.

आधी सिनेमे बाजूला काढा. ते परत मिळतात. राहिले १.२८ टीबी, एवढ्याचाच विचार करायचा. त्यातही कागदपत्रं आणि कामाच्या फाइली रोज बदलतात, फोटो फक्त वाढत जातात. म्हणून बॅकअपची दोन वेगळी टास्क करा, एकाच टास्कमध्ये सगळं कोंबू नका.

२ टीबीची डिस्क: तिच्यात खरी जागा १.८१ टीबी दिसेल. आज बसेल, पण जुन्या आवृत्त्या ठेवायच्या म्हटल्यावर वर्षभरात काठोकाठ भरेल. डिस्क भरली की हायपर बॅकअपचं (सिनॉलॉजीच्या बॅकअप सॉफ्टवेअरचं) टास्क अडकतं आणि बहुतेकांना ते कितीतरी आठवड्यांनी कळतं. ४ टीबीची घ्या, जमलं तर साडेतीन इंची, स्वतःच्या अडॅप्टरवाली. अडीच इंची पोर्टेबल डिस्क बहुतेक एसएमआर, म्हणजे डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या असतात. सुरुवातीला १०० एमबीच्या वेगानं लिहितात, मग कॅश भरला की वेग रांगायला लागतो. बॅकअपला एसएमआर चालते, फक्त पहिल्या वेळी घाबरून मध्येच वायर काढू नका. नॅसच्या आत मात्र एसएमआर कधीच टाकू नये.

कृती, डीएसएम (सिनॉलॉजीची ऑपरेटिंग सिस्टीम) ७.२ धरून:

डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमध्ये एक्स्टर्नल डिव्हायसेस, तिथून फॉरमॅट, ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम). सगळं पुसलं जाईल हे लक्षात असू द्या. मग पॅकेज सेंटरमधून हायपर बॅकअप घ्या, अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून फोल्डर्स अँड पॅकेजेस निवडा, ठिकाण म्हणून लोकल फोल्डर अँड यूएसबी, आवृत्त्या ठेवणारा प्रकार. फोल्डर निवडताना फोटोंबरोबर सिनॉलॉजी फोटोज हे पॅकेजही टिकमार्क करा. अल्बम आणि चेहऱ्यांना दिलेली नावं फोल्डरमध्ये नसतात, डेटाबेसमध्ये असतात. नुसतं फोल्डर घेतलंत तर फोटो परत येतील, अल्बम येणार नाहीत.

क्लायंट-साइड एन्क्रिप्शन चालू करा. डिस्क घराबाहेर जाणार असेल तर त्याला पर्याय नाही. टास्क बनताच एक पीईएम फाइल, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली, डाउनलोड होते. ती नॅसवरच ठेवलीत तर कुलूप-किल्ली एकाच पेटीत राहील.

रोटेशनमध्ये (जुन्या आवृत्त्या कधी काढायच्या त्या सेटिंगमध्ये) स्मार्ट रिसायकल पुरे. गेल्या २४ तासांतल्या तासागणिक, महिन्याभरातल्या दिवसागणिक आणि त्याआधीच्या आठवड्यागणिक आवृत्त्या राहतात. फोटो बदलत नसल्यामुळे त्यांच्या आवृत्त्या जवळजवळ फुकट पडतात, खरी जागा खातात त्या कॅडच्या फाइली. इंटिग्रिटी चेकचं (बॅकअप शाबूत आहे का या तपासणीचं) वेळापत्रक महिन्यातून एकदा.

पहिला बॅकअप कागदावर साडेतीन-चार तासांचा आहे. एन्क्रिप्शन, छोट्या फाइली आणि डिस्कचा वेग धरून रात्रभर लागेल असं समजा. नंतरचे रोजचे काही मिनिटांत होतात.

आता मुद्द्याचं: डिस्क कायमची जोडून ठेवू नका. बॅकअप यशस्वी झाला की डिस्क आपोआप इजेक्ट करायची सोय टास्कच्या सेटिंगमध्ये आहे, ती लावा, आणि नंतर वायर हातानं काढून कपाटात ठेवा. जी डिस्क नॅसला दिसते ती नॅसमध्ये घुसलेल्यालाही दिसते. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनं क्यूनॅप या दुसऱ्या ब्रँडची इंटरनेटवर उघडी असलेली यंत्रं थेट गाठली होती, लॅपटॉपमार्गे यायची गरजच पडली नाही. २०१४ मध्ये सिनॉलॉजीवाल्यांनी सिनोलॉकर हे तसलंच रॅन्समवेअर पाहिलंय. त्यामुळे अमुक ब्रँड आहे म्हणून निश्चिंत, असं काही नसतं.

टर्मिनलतात्या:

वरचं सगळं ठीक, दोन हरकती.

पहिली, हायपर बॅकअपचा साचा बंदिस्त आहे. डिस्क विंडोजला जोडली तर ईएक्सटी४ असल्यामुळे आधी ती दिसणारच नाही, आणि दिसली तरी आत एचबीके नावाचं एक गाठोडं. ते उघडायला हायपर बॅकअप एक्सप्लोरर लागतं. ते फुकट आहे, उबुंटूसाठीही मिळतं, म्हणून उबुंटूचा एक पेनड्राइव्ह तयार ठेवला की नॅस जळालं तरी फाइली निघतात. पण हे आज करून बघा. नॅस जळाल्यावर रात्री अकरा वाजता शोधाशोध नको.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. नॅस स्वतः बॅकअप ढकलतंय. म्हणजे बॅकअपच्या ठिकाणाचं नाव, पासवर्ड, पुसायचा अधिकार, सगळं नॅसच्या पोटात. नॅसचा ॲडमिन ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती बॅकअपही लागला. हाताने काढलेल्या यूएसबी डिस्कला हा धोका नाही, हे धंतोली_डिस्क यांचं बरोबर. पण काटोलला दुसरं नॅस ठेवून तिकडं ढकलायला लागलात की धोका पुन्हा हजर. म्हणून दिशा उलटी करायची: दुसरं यंत्र नॅसकडून ओढून घेईल, आणि नॅसला त्या यंत्राचा पत्ताही माहीत नसेल.

त्यासाठी नवीन नॅस घ्यायची गरज नाही. जुना आय३ डेस्कटॉप किंवा लॅपटॉप, त्यावर डेबियन लिनक्स, मागे ४ टीबीची डिस्क. नॅसवर फक्त वाचायचा अधिकार असलेला एक युजर करा, ॲडमिन गटाबाहेरचा. त्याच्या नावानं नॅसचा शेअर (सामायिक फोल्डर) त्या डेस्कटॉपवर रीड-ओन्ली माउंट करा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडा, आणि रेस्टिक हे बॅकअप सॉफ्टवेअर चालवा. रेस्टिक एन्क्रिप्ट करतं, एकसारखे तुकडे एकदाच ठेवतं आणि प्रत्येक वेळचा वेगळा स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या फाइलींचं चित्र) देतं. ठेवायचं प्रमाण: रोजचे ७, आठवड्याचे ४, महिन्याचे १२.

एसएमबीवरून (नेटवर्कवर फोल्डर वाटायच्या पद्धतीनं) रेस्टिक चालवताना एक भानगड होते. माउंट पुन्हा झालं की फाइलींचे आयनोड नंबर (फाइल सिस्टीमनं दिलेले ओळख क्रमांक) बदलू शकतात, आणि मग रेस्टिकला वाटतं सगळ्याच फाइली बदलल्या. परत सव्वा टीबी वाचायला बसतं. साठवण वाढत नाही, पण वेळ जातो, आणि ओढणारं यंत्र काटोलला असेल तर नेटचा कोटाही. बॅकअपच्या आज्ञेला इग्नोर-आयनोडचा पर्याय जोडला की मिटलं.

डेस्कटॉपऐवजी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) वापरणार असाल तर ५ घ्या. पाय ४ च्या चिपमध्ये एईएस एन्क्रिप्शनची हार्डवेअर सोय नाही, रेस्टिक त्यावर कुथत चालतं. आणि पायच्या यूएसबीवर स्वतःचा अडॅप्टर नसलेली डिस्क लावताना वीजपुरवठा नीट बघा. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर नसेल तर सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच मिळतात, डिस्क टकटक करून बंद पडते.

नवखाबाबू:

एवढा खटाटोप कशाला? फोनमधले फोटो गूगलला जातातच की. कामाच्या फाइली ड्राइव्हला सिंक करा, झालं.

संत्रासर्व्हर:

@नवखाबाबू सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेली वस्तू ६० दिवस राहते, नंतर कायमची गेली. आणि सेटिंग स्टोरेज सेव्हरवर असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात, व्हिडिओ १०८० वर येतात. मूळ प्रत म्हणून ते धरता येत नाही. एक जादा प्रत म्हणून असू द्या, हरकत नाही.

मनीषनगरकर भाऊ, सगळ्यात आधी, अगदी आज रात्री, स्नॅपशॉट चालू करा. तुमचं बीटीआरएफएस आहे, स्नॅपशॉट रेप्लिकेशन पॅकेज फुकट आहे. कामाच्या फोल्डरला दर तासाला, फोटोंना दिवसातून एकदा. चुकून पुसलेल्या फाइलीसाठी यूएसबी डिस्क शोधत बसावं लागत नाही, दोन मिनिटांत परत. डीएसएम ७.२ मध्ये काही दिवस कोणालाच पुसता न येणारे, इम्यूटेबल स्नॅपशॉटही ठेवता येतात. ७ दिवसांवर ठेवा. फार वाढवलंत तर डिस्क भरल्यावर तुम्हालाही ते काढता येणार नाहीत. अर्थात हे सगळं त्याच दोन डिस्कवर राहतं, डबा गेला की तेही गेलं.

वायरमन४४०:

भाऊ, सगळे सॉफ्टवेअरचंच सांगून राहिले, विजेचं आणि उन्हाचं कोणी बोलूनच नाही राहिलं. नागपुरात नॅस मारायला हॅकर लागत नाही, मे महिना पुरतो.

सिनॉलॉजीच्या कागदावर या डब्यासाठी खोलीचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं आहे. वरच्या मजल्यावरची, स्लॅबखालची बंद खोली दुपारी २ वाजता ४० च्या वर आरामात जाते. टीव्हीच्या बंद कपाटात तर विचारूच नका. डिस्कचं तापमान स्टोरेज मॅनेजरमध्ये दिसतं. ४५ पर्यंत ठीक, ५० ओलांडत असेल तर जागा बदला. फॅन मोड उन्हाळ्यात कूलवर टाका. बॅकअप, इंटिग्रिटी चेक, स्क्रबिंग (डिस्कवरचा सगळा डेटा वाचून तपासणं), सगळं पहाटे ३-४ ला लावा. दुपारी नको.

कूलरच्या झोतात नॅस ठेवू नका. बाहेरून वाटतं थंड हवा मिळून राहिली, पण ती हवा ओली आहे आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार सोबत घेऊन येते. वुडवूलच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच हळूहळू फॅनवर आणि कनेक्टरवर बसतो. कूलर असलेल्याच खोलीत ठेवायचं तर भिंतीच्या आडोशाला, जमिनीपासून वर, आणि दर महिन्याला फॅनची जाळी ब्रशनं साफ.

यूपीएस: इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं म्हणू नका. इन्व्हर्टरच्या चेंजओव्हरला काही मिलिसेकंद लागतात, कधी डबा टिकतो, कधी रीस्टार्ट होतो. आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की तो नॅसला सांगून बंद होत नाही. यूएसबी डेटा पोर्ट असलेला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या. दुकानात डबा फिरवून मागची बाजू बघा, ६०० व्हीएच्या स्वस्त मॉडेलना तो पोर्ट बहुधा नसतोच. वायर नॅसला जोडली की कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड पॉवर, यूपीएस इथं टिकमार्क करून सेफ मोडला (नॅस काम नीट आवरून थांबतं त्या अवस्थेला) जायची वेळ ५ मिनिटं ठेवा. राउटर आणि फायबरचा डबाही त्याच यूपीएसवर घ्या.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्याच्यामागे लावलेला यूपीएस ती लाइन खराब समजून सारखा बॅटरीवर जातो, पीं पीं करत राहतो आणि त्याची बॅटरी उतरवतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर नसेल तर यूपीएस थेट महावितरणच्या लाइनवर ठेवा. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी गरम खोलीत दोन-अडीच वर्षांपेक्षा जास्त धरू नका. दिवा हिरवा दिसतो, पण लाइट गेली की दहा सेकंदांत सगळं बंद.

वळवाच्या विजा: फायबर घरात काचेचाच येत असेल तर त्या बाजूनं निर्धास्त. पण केबलवाल्यानं गच्चीवरून तांब्याची लॅन केबल टाकली असेल तर वीज तिच्यातून शिरते. आधी राउटर, मग नॅसचा लॅन पोर्ट, कधी मदरबोर्ड. वादळ दिसलं की प्लगसोबत ती लॅनही काढायची. आणि अर्थिंग मोजून घ्या: मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त येत असेल तर स्पाइक गार्ड नुसता शोभेचा आहे.

आणखी एक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीनं काठ सोडला, तेव्हा तळमजले बुडाले होते. दुसरी प्रत शेजारच्या गल्लीत मित्राकडं ठेवली तर ती त्याच पाण्यात असते. काटोल त्या हिशेबानं उत्तम.

मनीषनगरकर:

भरपूर मिळालं, आभार. स्नॅपशॉट लावले. काटोलबद्दल: दोन्हीकडच्या नेटला स्टॅटिक आयपी नाही. राउटरवर दिसणारा पत्ता १०० नं सुरू होतो आणि बाहेरचा पत्ता वेगळाच दाखवतो. जोडायचं कसं? आणि काटोल सोडून थेट क्लाउडला टाकलं तर महिन्याला कितीला पडेल?

टर्मिनलतात्या:

म्हणजे तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं. पोर्ट फॉरवर्ड करून काही होणार नाही, आणि झालं असतं तरी करू नका म्हटलं असतं. टेलस्केल वापरा, ते दोन ठिकाणची यंत्रं खासगी नेटवर्कनं जोडतं, घरगुती वापराला फुकट आहे. सिनॉलॉजीच्या पॅकेज सेंटरमध्येही आहे. दोन्ही यंत्रांना १०० नं सुरू होणारा (पण राउटरवर दिसतो त्याहून वेगळा) खासगी पत्ता मिळतो, तो नेट बदललं तरी तोच राहतो.

सिनॉलॉजीवर लोक एका ठिकाणी हमखास अडकतात. डीएसएम ७ मध्ये टेलस्केल बसवलं की बाहेरून नॅसपर्यंत पोहोचता येतं, पण नॅसवरून बाहेर दुसऱ्या टेलस्केल पत्त्यावर जाता येत नाही. हायपर बॅकअप म्हणतं सर्व्हर सापडत नाही आणि माणूस फायरवॉल चाळत बसतो. त्यासाठी टास्क शेड्यूलरमध्ये, बूट होताना रूटच्या नावानं टेलस्केलची कॉन्फिगर-होस्ट ही आज्ञा चालवून पॅकेज रीस्टार्ट करावं लागतं. ओढून घेण्याच्या पद्धतीत नॅसला बाहेर जावंच लागत नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही. तिचा हाही एक फायदा.

पहिली मोठी प्रत नेटवरून पाठवू नका. १.२८ टीबीला १०० एमबीपीएस अपलोड सलग मिळाला तरी सुमारे २८ तास, ३० एमबीपीएस मिळाला तर चार दिवस. घरगुती अमर्याद प्लॅनमध्येही बहुधा महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते आणि अपलोड त्यातच धरतात. म्हणून काटोलचं यंत्र आधी मनीष नगरला आणा, नॅसच्या शेजारी त्याच स्विचला लावा, पत्ता मात्र सुरुवातीपासून टेलस्केलचाच द्या. पहिला पूर्ण बॅकअप झाला, दुसरा छोटा झाला, चेक केलं, की बंद करून काटोलला. तिथं चालू केलं की काहीही न बदलता पुढं चालू. डिस्क मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीत सोडू नका, आतलं तापमान बंद डिस्क सोसू शकते त्या मर्यादेपर्यंत जाऊ शकतं.

धंतोली_डिस्क:

क्लाउडचा हिशेब. बॅकब्लेझ कंपनीच्या बी२ या क्लाउड साठवणीचा दर २०२३ च्या अखेरीस टीबीमागे महिन्याला साधारण ६ डॉलर होता, त्या हिशेबानं १.२८ टीबीला पावणेआठ डॉलरच्या आसपास, वर कर. साठवलेल्याच्या तिपटीपर्यंत परत डाउनलोड करायला पैसे नाहीत. त्याच कंपनीचा स्वस्त पर्सनल प्लॅन बघून हुरळू नका, तो नेटवर्क ड्राइव्ह आणि नॅस घेत नाही.

ॲमेझॉनचं ग्लेशिअर डीप आर्काइव्ह दिसायला फारच स्वस्त, टीबीमागे महिन्याला डॉलर-दोन डॉलर. पण ठेवलेली वस्तू १८० दिवसांआधी काढली तरी १८० दिवसांचे पैसे, मागितल्यावर हाती यायला १२ तास, घाऊक स्वस्त पद्धतीनं ४८. आणि सगळं उतरवून घ्यायचं तर जीबीमागे ९ ते ११ सेंट. तुमचे सव्वा टीबी उतरवायला सव्वाशे डॉलर इकडं-तिकडं. घर जळाल्यावरच्या शेवटच्या प्रतीसाठी ठीक, रोजच्यासाठी नाही.

माझं मत: सगळं क्लाउडला नको. कागदपत्रांचे ३० जीबी आणि वहिनींचे सध्या चालू असलेले प्रोजेक्ट, असे मिळून शंभर-दीडशे जीबी बी२ वर. त्याला त्या दरानं महिन्याला एक डॉलरही लागत नाही. फोटो आणि जुने प्रोजेक्ट काटोलला. यूएसबी डिस्क दोन्हीसाठी, पंधरा दिवसांतून एकदा.

टर्मिनलतात्यांच्या ओढण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही, पण डेबियन सांभाळणारं घरात कोणी नसेल तर ती सहा महिन्यांत बंद पडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. ज्याला टर्मिनलची भीती वाटते त्यानं काटोलला एक जुनं एक-बे (एकाच डिस्कचं) सिनॉलॉजी ठेवून हायपर बॅकअप व्हॉल्ट (दुसऱ्या नॅसकडून आलेला बॅकअप ठेवून घेणारं पॅकेज) लावावं. नॅस ढकलेल हे खरं. त्यावर उतारा म्हणजे काटोलच्या बाजूलाही स्नॅपशॉट चालू ठेवायचे, ॲडमिनचा पासवर्ड पूर्ण वेगळा, आणि मनीष नगरच्या नॅसला तिथं फक्त व्हॉल्टपुरता युजर. मात्र ते जुनं मॉडेल बीटीआरएफएस घेतं का ते विकत घ्यायच्या आधी बघा. स्वस्तातल्या कित्येक एक-बे मॉडेलमध्ये फक्त ईएक्सटी४ असतं, तिथं स्नॅपशॉट विसरा.

टर्मिनलतात्या:

@धंतोली_डिस्क बंद पडलं तर कळायला हवं, एवढं मान्य. ती सोय दोन्हीकडं लागते. नॅसवर नोटिफिकेशनमध्ये ईमेल लावा. रेस्टिकवाल्या यंत्रावर उलट पद्धत बरी: काम झालं की हेल्थचेक्स डॉट आयओसारख्या सेवेला एक हाक जाते, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर ती सेवा तुम्हाला मेल करते. यंत्रच मेलं असेल तर ते स्वतः मेल पाठवणार कुठून?

संत्रासर्व्हर:

परत काढून बघण्याबद्दल अजून कोणी नीट लिहिलं नाही. टास्कपुढं हिरवी खूण दिसते ती प्रत लिहिली गेल्याची आहे, वाचता येण्याची नाही.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून एक अख्खं प्रोजेक्ट फोल्डर आणि एखाद्या वर्षाचे फोटो वेगळ्याच फोल्डरमध्ये रिस्टोअर करा, मूळ जागेवर नाही. मग फाइली उघडा. थंबनेल बघून समाधान मानू नका, ते कॅशमधूनही येतं. कॅडची फाइल उघडली की तिला जोडलेल्या एक्सरेफ (बाहेरून जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंग फाइली) सापडतात का बघा. रॉ फोटो पूर्ण झूम करा. व्हिडिओ शेवटच्या मिनिटावर नेऊन चालवा, अर्धवट फाइल सुरुवातीला नीटच दिसते. रेस्टिक असेल तर चेकला दर वेळी ५ टक्के खरा डेटा वाचायला सांगा, हिस्सा क्रमाने बदलत गेलं की वीस वेळांत सगळी रिपॉझिटरी तपासून होते.

वर्षातून एकदा नॅस बंद ठेवून, फक्त लॅपटॉप, यूएसबी डिस्क आणि कागदावरचा पासफ्रेज (एन्क्रिप्शनचा पासवर्ड) एवढ्यावर फाइल काढून दाखवा. पासफ्रेज इथं कामी येतो. तो हरवला तर सिनॉलॉजीसुद्धा काही करू शकत नाही. मोठ्या अक्षरांत छापून काटोलला घराच्या सातबाऱ्याच्या फाइलीत एक, आणि वहिनींना माहीत असलेल्या जागी एक. पीईएम फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, पण एकट्या पेनड्राइव्हवर नको. पेनड्राइव्ह आणि एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडून राहण्यासाठी नसतात, गरम घरात तर नाहीच. पडून ठेवायला फिरती हार्ड डिस्कच बरी, तीही अधूनमधून चालू करून.

रोजच्या लॉगमधला आकडाही बघत जा. तुमच्याकडं कामाच्या दिवशी दोन-चार जीबी वाढ यायला हवी. एका रात्री अचानक ३०० जीबी दिसले आणि तुम्ही लग्नाचे व्हिडिओ वगैरे टाकलेले नसतील, तर लाखभर फाइली कोणीतरी बदलल्या आहेत. त्या क्षणी यूएसबी डिस्क जोडायची नाही, काटोलचं टास्क थांबवायचं, नॅसची लॅन काढायची आणि मग शांतपणे बघायचं. जुन्या आवृत्त्या शाबूत आहेत तोवर घाई नाही.

स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद): ५, १९७ आणि १९८ नंबरच्या ओळी, म्हणजे खराब किंवा संशयास्पद सेक्टर. १९७ शून्यावरून वर सरकली की डिस्क मागवायला घ्या. १९९ (डेटा नेताना-आणताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा डिस्क नाही, जोडणी सैल आहे. डिस्क काढून घट्ट बसवा, तरी वाढत राहिली तर बेचा कनेक्टर बघा.

मनीषनगरकर:

ठरलं. ४ टीबीची साडेतीन इंची डिस्क, पंधरा दिवसांतून एकदा. काटोलला जुना आय३, रेस्टिक, ओढण्याच्या पद्धतीनं. कागदपत्रं आणि चालू प्रोजेक्ट बी२ वर. एकच शंका: काटोलला दिवसातून दोन-तीनदा लाइट जाते, बाबांना ते यंत्र रोज चालू करायला सांगणं शक्य नाही.

टर्मिनलतात्या:

बायोसमध्ये एसी पॉवर लॉस किंवा आफ्टर पॉवर फेल्युअर असं काहीतरी असतं, ते पॉवर ऑन करा. लाइट आली की यंत्र स्वतः उठेल. जुन्या बोर्डावर बायोसची नाणं-बॅटरी संपलेली असते आणि मग हे सेटिंगच पुसलं जातं, म्हणून आधी सीआर२०३२ बदला. मनीष नगरच्या नॅसलाही पॉवर परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचा टिकमार्क हार्डवेअर अँड पॉवरमध्येच आहे.

डिस्क यूयूआयडीनं (तिच्या कायमच्या ओळख क्रमांकानं) माउंट करा. एसडीबी, एसडीसी अशा नावानं केली तर रीस्टार्टनंतर नावं अदलाबदल होतात. आणि नॅसचा शेअर जोडलेला नसताना बॅकअप चालणार नाही याची काळजी घ्या: लाइट गेल्यावर नेट उशिरा येतं, नॅसचा शेअर माउंट होत नाही, आणि यंत्राला तिथं रिकामं फोल्डर दिसतं. आरसिंक (फोल्डरची हुबेहूब प्रत ठेवणारी आज्ञा) डिलीटच्या पर्यायासह लावलेलं असेल तर ते सगळी प्रत पुसून रिकाम्या फोल्डरशी जुळवून घेतं. रेस्टिक पुसत नाही, पण रिकामे स्नॅपशॉट जमा होतात आणि रोजचे ७ च्या हिशेबात चांगले स्नॅपशॉट मागे पडत जातात. उपाय सोपा आहे. नॅसच्या शेअरमध्ये एक छोटी फाइल ठेवा, नाव काहीही, उदाहरणार्थ ‘इथे_आहे’. स्क्रिप्टनं आधी ती दिसते का बघायचं. नसेल तर काही न करता बाहेर पडायचं आणि हेल्थचेक्सला हाक द्यायची नाही, म्हणजे तुम्हाला मेल येईल. बॅकअपच्या डिस्कवरही तशीच एक फाइल ठेवा आणि दोन्ही दिसल्या तरच पुढं जा.